ओळ कुणाच्या नावावर

"ज्यांना ओळीच्या शेवटी सेमीकोलन नको आहे, त्यांनी हात वर करा," पेठे सर म्हणाले.

आठ हात वर झाले. आठही सांगलीचे.

"आणि ज्यांना हवा आहे?"

अकरा हात वर झाले. अकराही पुण्याचे. त्यातले बरेचसे भिंतीवरच्या टीव्हीत दिसत होते. एकाचा कॅमेरा बंद होता, म्हणून त्याच्या वतीनं सोहनींनी आपला दुसरा हात वर केला.

"बहुमत," पेठे सर म्हणाले. "भोकरेबाई, लिहून घ्या. सेमीकोलन सक्तीचा."

मी लिहून घेतलं. कंपनीत येण्याआधी बारा वर्षं मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. 'वर्तमानपत्रात होता म्हणजे तुम्हाला नियमांची सवय असणार,' असं म्हणून पेठे सरांनी मला नियम समितीची सचिव केलं होतं. वर्तमानपत्रात नियम असतात हे खरं आहे. ते ठरवायला हात वर करतात हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

कंपनी मुळात बशीर शिकलगारांची. विश्रामबागेत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आठ जण बसायचे आणि पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांच्या वेबसाइट आणि ऑनलाइन कारभार सांभाळायचे. मी नववी, माहितीपुस्तिका लिहायचे आणि मासिक वार्तापत्र काढायचे. आदल्या दिवाळीत ही कंपनी पुण्याच्या पेठे सरांनी विकत घेतली. विकताना बशीरभाईंनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं होतं, "पाटी बदलंल. साहेब बदलंल. पण पुण्याला जावं लागणार न्हाई कुणाला. शब्द माझा."

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग पेठे सर कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांना एकरूपता हवी झाली. दोन्ही ऑफिसांचा कोड एका साच्यात लिहिलेला असला पाहिजे. त्यासाठी लिंटर बसवायचा. लिंटर म्हणजे कोड वाचून नियम मोडलेली ओळ पकडणारी तपासणी. कोड चालतो की नाही याच्याशी तिला घेणंदेणं नसतं; तो नीट बसलाय का, एवढंच ती बघते. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पुण्याचा कोड सांगलीला वाचता येत नव्हता, सांगलीचा पुण्याला, आणि नियम सारखे असते तर दोघांचं भलंच झालं असतं.

पण पेठे सर मोजणारे गृहस्थ होते. त्यांनी सोबत एक बोर्डही विकत आणला. भिंतीवरच्या टीव्हीवर प्रत्येकाचं नाव आणि त्यासमोर त्याच्या चुका. "महिन्याअखेर मोजणी," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. "ज्या ऑफिसच्या चुका जास्त, ते ऑफिस दुसऱ्यात विलीन. त्यात वैयक्तिक काही नाही."

पुण्याचं ऑफिस सांगलीत विलीन होईल असं कुणालाही वाटलं नाही. पेठे सरांचा फ्लॅटच पुण्याच्या ऑफिसच्या वर होता.

मग सेमीकोलनवर माणसं का भांडत होती, हे लक्षात येईल. ज्याची सवय नियम होईल त्याच्या चुका शून्य. ज्याची होणार नाही त्यानं सामान बांधायचं.

सेमीकोलननंतर टॅबचा विषय निघाला. ओळ आत सरकवायला सांगलीत टॅब वापरत, पुण्यात चार स्पेस.

"तांत्रिकदृष्ट्या स्पेसच योग्य आहे," सोहनी म्हणाले. कौस्तुभ सोहनी पुण्याच्या चमूचे प्रमुख आणि समितीचे अध्यक्ष. कुठलंही वाक्य 'तांत्रिकदृष्ट्या'नं सुरू केलं की निम्मा वाद संपतो, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

"टॅब एकदा दाबायचा असतो साहेब, स्पेस चारदा," बशीरभाई म्हणाले. "आम्ही माणसं कमी. बोटं पण कमी."

कुणी हसलं नाही. हात वर झाले. अकरा विरुद्ध आठ.

अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी: अकरा विरुद्ध आठ. महिरपी कंस त्याच ओळीत की खालच्या ओळीत: अकरा विरुद्ध आठ. फाइलच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडावी, यावर मात्र एकोणीस हात वर झाले. पेठे सरांचा चेहरा उजळला. "बघा," ते म्हणाले, "संवाद साधला की मार्ग निघतो."

चहानंतर सोहनींनी शेवटचा नियम मांडला. कोडमधली सगळी नावं इंग्रजी असावीत. इंग्रजी कोशात नसलेला शब्द दिसला की चूक.

सांगलीच्या कोडमधलं प्रत्येक नाव मराठी होतं, रोमन अक्षरात लिहिलेलं. सभासद, जामीनदार, थकबाकी, लाभांश, ऊसबिल. सहा वर्षांचं काम.

"साहेब," बशीरभाई म्हणाले, "मॅनेजरचा फोन येतो, 'जामीनदाराचं पान उघडत न्हाई.' आम्ही जामीनदार शोधतो, सापडतं, दुरुस्त करतो. त्याला काय म्हणायचं आता?"

"गॅरंटर."

"बरं. उचल?"

"म्हणजे?"

"ऊसतोडीच्या मुकादमाला देतात ती."

"ॲडव्हान्स."

"ॲडव्हान्स शेतकऱ्याला देतात त्यो. दोन्ही आहेत कारखान्यात. दोन्हीचे हिशेब वेगळे."

सोहनींनी थोडा विचार केला. "मग त्याला ॲडव्हान्स टू म्हणा."

राजश्री कोष्टी आमच्याकडची सगळ्यात जुनी प्रोग्रामर. पतसंस्थांचं सगळं काम तिनं उभं केलेलं. नवऱ्याचं माधवनगरला किराणा दुकान होतं, त्यामुळे पुण्याचं नाव निघालं की तिचा आवाज आपोआप चढायचा. "आणि साहेब, मुकादम पळून गेला की ॲडव्हान्स थ्री?" तिनं विचारलं.

"मतदान घेऊ," पेठे सर म्हणाले.

अकरा विरुद्ध आठ.

त्या संध्याकाळी बशीरभाईंनी तपासणी चालवून पाहिली. सांगलीच्या नुसत्या नावांच्याच एक्केचाळीस हजारांवर चुका निघाल्या. मोजणीला दहा दिवस होते. सहा वर्षांत ठेवलेली नावं दहा दिवसांत बदलायची, आणि ते करताना एकही पतसंस्था बंद पडू द्यायची नाही. बशीरभाईंनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच होता.

"बशीरभाई, आपण काय करायचं?" राजश्रीनं विचारलं.

"उद्याचं काम करायचं. दूध संघाचं बिल अडकलंय."

मोजणीच्या आदल्या दुपारी सोहनींचा फोन आला. आवाजात उपकार भरलेला होता. "बशीर, एक छोटी मदत केली आहे. ऑटो-फिक्स चालवलं. स्पेस, सेमीकोलन, अवतरणं, जे जे यंत्राला आपोआप बदलता येतं ते सगळं. आमच्यासाठीच चालवत होतो, म्हटलं तुमचंही होऊन जाईल. नावं तेवढी उरली. ती यंत्राला बदलता येत नाहीत."

पुण्याच्याही सहा हजार चुका निघाल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. स्वतःचे नियम स्वतःच मोडलेले निस्तरण्यासाठी सोहनींनी ते यंत्र कंपनीच्या अख्ख्या कोडवरून एकदमच फिरवलं होतं, आणि विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं. 'धोक्याचे बदलही करू का?' या प्रश्नालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठे सर आणि सोहनी दोघंही सांगलीला हजर झाले. पेठे सरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिस बंद करायला आलेला माणूस नीटनेटका असावा असं त्यांना वाटलं असेल. टीव्ही लावला. बोर्ड उघडला.

पहिलं नाव कौस्तुभ सोहनी. चुका: एक्केचाळीस हजार दोनशे सहा.

खाली सगळे शून्य. पुणे शून्य. सांगली शून्य.

"हे काय आहे?" पेठे सरांनी विचारलं.

राजश्रीला हसू फुटलं, आणि ते आवरण्यासाठी तिनं तोंडावर ओढणी धरली.

बशीरभाईंना सगळ्यात आधी उमगलं. "सर, बोर्ड कसा मोजतो? ओळीला शेवटचा हात ज्याचा, त्याच्या नावावर चूक. आमच्या सगळ्या ओळी टॅबच्या होत्या. सोहनी साहेबांनी काल त्या स्पेसच्या केल्या. म्हणजे प्रत्येक ओळीला शेवटचा हात त्यांचा. पुण्याचा कोड आधीच स्पेसचा, तिथं फार ओळी हलल्या न्हाईत."

"पण मी ते लिहिलेलं नाही!" सोहनी म्हणाले. "मी फक्त सरळ केलं."

"मग लिहिलं कुणी?" पेठे सरांनी विचारलं.

"सांगलीनं."

पेठे सरांनी बोर्डवर दुसरा रकाना उघडला. त्यात कुणी किती ओळी लिहिल्या ते होतं. सोहनींच्या नावासमोर भलामोठा आकडा. सांगलीच्या आठ जणांसमोर मिळून काही हजार ओळी. त्यांनी त्यातल्या एकीवर क्लिक केलं. तिच्यात एक महिरपी कंस होता, ओळीच्या अगदी सुरुवातीला, एकटा. दुसरीत काहीच नव्हतं. तिसरीत पुन्हा कंस. ऑटो-फिक्सला ज्या ओळींत बदलण्यासारखं काही सापडलं नाही तेवढ्याच आमच्याकडे राहिल्या होत्या: बंद करायचे कंस आणि रिकाम्या ओळी.

पेठे सरांनी आणखी दोन ओळी उघडून पाहिल्या. मग ते सावकाश आमच्याकडे वळले. "इतकी वर्षं तुम्ही नेमकं काय करत होता?"

"सर," बशीरभाई म्हणाले, "जुना इतिहास एका कमांडमध्ये दिसतो. कुठली ओळ कुणी कधी लिहिली, पहिल्या दिवसापासून. दाखवू?"

"दाखवा ना. पण मग त्या एक्केचाळीस हजारही तुमच्याच होतील. बरोबर?"

बशीरभाईंनी की-बोर्डकडे नेलेला हात थांबवला.

आणि त्या क्षणी सोहनींचा चेहरा बदलला. डेस्कवर असताना मी तो बदल पुष्कळदा पाहिलाय. बातमी आपल्या विरोधात नाही, फक्त मथळा बदलायला हवा, हे ज्याला कळतं त्याचा चेहरा असा होतो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सर, तांत्रिकदृष्ट्या बोर्ड बरोबर आहे. मी त्या सगळ्या कोडची पुनर्बांधणी केली. एका अर्थी आता ते माझंच काम आहे. त्यातल्या उरलेल्या चुकांची जबाबदारीही मी घेतो."

"एक्केचाळीस हजारांची?"

"घेतो."

पेठे सरांना हे फार आवडलं. "एवढं प्रचंड काम करणाऱ्याकडून थोडं इकडेतिकडे होणारच," ते म्हणाले. कालपर्यंत त्या इकडेतिकडेसाठी ऑफिस बंद होणार होतं. "शिकलगार, मी तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवतो. हा कोड तुमचा असेल, तर चुका तुमच्या, आणि ठरल्याप्रमाणे विलीनीकरण. कोड कौस्तुभचा असेल, तर तुमच्या चुका शून्य. ऑफिस राहील. सपोर्ट सेंटर म्हणून. तुम्ही फोन घ्यायचे, तक्रारी पुढे पाठवायच्या. पदनामं बदलतील. पगाराचं नंतर बघू."

बशीरभाई म्हणाले, "पाच मिनिटं द्या."

आम्ही जिन्यात उभे राहिलो. खालून मेडिकलवाल्याच्या शटरचा आवाज येत होता.

"सहा वर्षं काय आम्ही कंस बंद करत बसलो होतो?" राजश्री म्हणाली. "दाखवा इतिहास. बंद करू दे ऑफिस. नाव तरी राहील."

"नाव कुणाला दाखवणार? माधवनगरच्या दुकानात लावणार?"

"बशीरभाई!"

"तू पुण्याला जाशील?"

ती खाली शटरकडे बघू लागली.

"शब्द मी नावाचा दिला नव्हता," बशीरभाई म्हणाले. "ऑफिसचा दिला होता."

ते आत गेले आणि पेठे सरांना म्हणाले, "सगळं सोहनी साहेबांनी लिहिलंय. आम्ही फोन घेऊ."

सोहनींनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. मला पेठे सर म्हणाले, "भोकरेबाई, वार्तापत्रात घ्या. दोन्ही ऑफिसांचं सामंजस्य." मी दोन कॉलमी बातमी घेतली.

सपोर्ट सेंटरचं काम आमच्या माणसांनी अतिशय शिस्तीत सुरू केलं. फोन यायचा, तक्रार लिहायची, बोर्डवर बघायचं की ओळ कुणाची, आणि त्या माणसाकडे पाठवायची. ओळ दर वेळी एकाच माणसाची निघायची. कारखान्याचा वजनकाटा अडकला, सोहनी. दूध संघाची फॅट दिसेना, सोहनी. पहिल्या आठवड्यात सोहनींनी उत्साहानं उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात 'बघतो' म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन बहुतेक वेळ व्यग्र यायचा, कारण बाकीची गिऱ्हाइकंही त्याच वेळी त्यांनाच लावत असत. राजश्रीनं सगळ्यांना नंबर देऊन ठेवला होता.

ऑगस्टच्या शेवटी पतसंस्थांच्या वार्षिक सभा सुरू झाल्या. कृष्णाकाठच्या एका मोठ्या पतसंस्थेची सभा रविवारी होती. शनिवारी सकाळी तिच्या मॅनेजरांचा फोन आला. चौगुले त्यांचं नाव. आवाज असा की फोन टेबलावर ठेवला तरी सगळ्यांना ऐकू जायचा.

"कोष्टीबाई, लाभांश शून्य दाखवतंय! सगळ्या सभासदांना शून्य! साइट उघडून बघायला लागलीत माणसं. चेअरमन घाम पुसतायत. उद्या सभेत मला उभा चिरतील."

"ओळ आमची नाही चौगुले साहेब."

"ओळ कसली? साइट तुमची न्हाई का?"

"साइट कंपनीची. ओळ पुण्याच्या सोहनी साहेबांची. नंबर देते, लिहून घ्या."

"अगं पोरी, गेल्या वर्षी तूच बसवलं होतंस की ते! माझ्यासमोर बसून! चहा पाजला होता मी."

"पाजला होता साहेब. पण बोर्डवर तसं नाही."

तिनं फोन ठेवला आणि लाभांशाचं पान उघडलं. चूक काय आहे ते तिला कळलं होतं. बशीरभाईंनाही. सभासदाचा नंबर एका ठिकाणी अक्षरांत साठवलेला होता, दुसऱ्या ठिकाणी आकड्यांत. आमचा कोड दोघांना एकच माणूस समजायचा. ऑटो-फिक्सनं तुलना कडक केली. ते धोक्याच्या बदलांपैकी एक होतं. आता यंत्राच्या लेखी लाभांशाच्या यादीतला माणूस वेगळा आणि सभासद वेगळा. वर्षातून एकदाच चालणारं पान, म्हणून आजवर कुणाला दिसलं नव्हतं. बशीरभाईंनी ती फाइल दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली. 

दुपारी तीनच्या सुमारास सोहनी स्वतः जिना चढून आले. स्वारगेटहून मिळेल ती गाडी पकडली होती. शर्ट चुरगळलेला. "मला ती ओळ सापडली," ते म्हणाले. "पण तशा तुलना चारशे आहेत. कुठली बदलायची आणि कुठली नाही, ते मला... बशीर, तुम्ही बघा ना. अर्ध्या तासाचं काम आहे तुमच्यासाठी."

"अर्धा तास पण नको," बशीरभाई म्हणाले. "बसा. चहा घ्या."

"मग?"

"हात लावला की ओळ आमची, साहेब. ओळ आमची झाली की तिच्यातलं मराठी नाव आमचं. म्हणजे चूक आमची. चारशे ओळींना हात लावला तर बोर्डवर चारशे. तुमच्या एक्केचाळीस हजाराला कुणी विचारत न्हाई, आमच्या चारशेला ऑफिस जाईल."

"मी सरांना सांगेन ना!"

"तुम्ही त्या दिवशी पण सरांना सांगितलं होतं. मी तिथंच होतो."

सोहनींनी चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. राजश्रीचा फोन पुन्हा वाजला. चौगुले. तिनं तो उचलून सोहनींच्या हातात दिला. पलीकडून आलेलं पहिलं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते इथं छापण्यासारखं नाही. सोहनी "हो साहेब, नाही साहेब" करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या बोलण्यात 'तांत्रिकदृष्ट्या' उरलं नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला काय नको. तुमचा तो बदल इतिहासातूनच पुसून मागं घ्या. सगळा. म्हणजे चारशे तुलना आपोआप पहिल्यासारख्या होतील, आणि लाभांश दिसंल."

"मागे घेतला तर सगळ्या ओळी पुन्हा तुमच्या नावावर येतील. चुकांसकट. मग ऑफिस..."

"म्हणून आधी नियम काढा. समितीचे अध्यक्ष तुम्हीच की."

सोहनींनी लॅपटॉप उघडला. नियमांची फाइल उघडली. ती मीच टंकली होती, त्यामुळे मला पाठ होती. त्यांनी नावांचा नियम बंद केला.

"झालं?"

"टॅबचा," राजश्री म्हणाली. "बदल मागं घेतला की आमचे टॅब परत येणार."

त्यांनी टॅबचा बंद केला.

"सेमीकोलनचा."

तो बंद केला.

"अवतरणांचा. महिरपी कंसाचा." ती चहा पीत पीत सांगत होती, आणि ते एकेक बंद करत होते. हात वर करून केलेले नियम पाऊण तासात संपले. तेवढ्यात चौगुलेंचे आणखी दोन फोन येऊन गेले. शेवटी फाइलमध्ये एकच नियम उरला. फाइलच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडावी.

"हा?" सोहनींनी विचारलं.

"हा राहू दे," बशीरभाई म्हणाले. "हा सगळ्यांना पटलेला आहे."

मग सोहनींनी आपला बदल मागे घेतला. भिंतीवरच्या टीव्हीवर नावं हलली. सोहनींसमोरचा एक्केचाळीस हजारांचा आकडा गेला. ओळींच्या रकान्यात आमची आठ नावं वर सरकली आणि राजश्रीचं सगळ्यात वर जाऊन थांबलं. ती उठून टीव्हीजवळ गेली, जवळून बघितलं, आणि परत येऊन बसली. मग तिनं चौगुलेंना फोन लावला. "साहेब, पान पुन्हा उघडा. आलं? किती? ... बरोबर आहे. चहा तयार ठेवा."

दुसऱ्या दिवशी सभा झाली. लाभांशावरून कुणी भांडलं नाही. जेवणात बासुंदी कमी पडली म्हणून भांडले.

पेठे सरांनी सोमवारी बोर्ड उघडला, आणि तासाभरात त्यांचा फोन आला. मला वाटलं, संपलं. पण आवाज आनंदानं फुटत होता. "भोकरेबाई, शून्य! दोन्ही ऑफिसं शून्य! एक्केचाळीस हजार चुका एका दुपारत शून्यावर! कौस्तुभ शनिवारी तिथंच होता ना?"

"इथंच होते सर."

"मला वाटलंच. हा माणूस सुट्टीच्या दिवशी सांगलीला जाऊन बसतो. याला म्हणतात झोकून देणं."

"सर, नियमांची फाइल एकदा बघून घ्या," मी म्हणाले. बारा वर्षं मजकूर वर पाठवण्याआधी हे वाक्य म्हणायची सवय होती.

"फाइल कशाला? आकडा समोर आहे."

पुढच्या शुक्रवारी ते पुण्याहून शाल, श्रीफळ आणि पितळी सन्मानचिन्ह घेऊन आले. कार्यक्रम सांगलीतच ठेवला, कारण पराक्रम इथे घडला होता. सोहनींना मुख्य गुणवत्ता अधिकारी केलं. सोहनींनी दोनदा, "सर, खरं तर..." असं म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा पेठे सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "विनय पुरे," म्हटलं. "आणि सांगलीबद्दल सांगायचं, तर तुमच्या ओळी सगळ्यात जास्त, चुका शून्य. हे ऑफिस हलवायचा प्रश्नच नाही. पदनामं पूर्वीची. सपोर्ट सेंटर ही कल्पना कुणाची होती कोण जाणे."

कुणीच सांगितलं नाही.

"शाल शिकलगारांच्या हस्ते," पेठे सर म्हणाले.

बशीरभाई पुढे झाले. शाल उलगडली, सोहनींच्या खांद्यावर नीट दोन्ही बाजू सारख्या करून घातली, नारळ हातात दिला. सोहनी त्यांच्याकडे बघत नव्हते. पेठे सरांनी विचारलं, "कौस्तुभ, सगळ्यांना सांग, हे कसं साधलं?"

सोहनींनी घसा साफ केला. नारळ या हातातून त्या हातात घेतला. "शिस्त," ते म्हणाले.

पेठे सरांनी टाळ्या सुरू केल्या. आमची माणसं तशीच बसून होती. राजश्रीचे दोन्ही हात मांडीखाली होते. बशीरभाई मागे येऊन तिच्या खुर्चीशी उभे राहिले आणि पुढे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाले,

"वाजवा रे. जोरात वाजवा. ऑफिस राहिलंय."